झुकलेल्या फांद्या आजारी नव्हत्या

प्रश्न: हे पत्र नेरूळच्या एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. रो-हाऊससमोर त्यांचं दहा बाय बाराचं अंगण आहे. मुलगी नेदरलँड्समध्ये राहते. तिच्या घरामागे छत्रीसारखं एक बुटकं झाड आहे, त्याच्या फांद्या जमिनीला टेकतात आणि आत हिरवी खोली तयार होते. नात तिथे भांडीकुंडी घेऊन बसते. तो फोटो पाहिल्यापासून बाईंना आपल्याही अंगणात तसंच झाड हवं होतं. एका नर्सरीत ‘वीपिंग मलबेरी’, म्हणजे झुकती तुती, अशी पाटी दिसली, २८०० रुपये देऊन त्यांनी ते आणलं आणि गेल्या वर्षी जूनमध्ये लावलं. पहिलं वर्ष बरं गेलं. या पावसाळ्यात मात्र झाडाच्या डोक्यातून चार फांद्या काठीसारख्या सरळ आठ फूट वर गेल्या. त्यांची पानं तीन बोटांसारखी कातरलेली आहेत, तर खाली झुकलेल्या फांद्यांची पानं अखंड. जुलैत यजमानांना वाटलं की झुकलेल्या फांद्या मरगळल्या आहेत, शिवाय त्या चिखलात लोळत होत्या. त्यांनी त्या छाटल्या. आता तीनच उरल्या आहेत. दीर ही वेगवेगळी पानं दाखवून म्हणतात, नर्सरीवाल्याने साधी तुती गळ्यात मारली. शेजारच्या वहिनींनी ऐकलंय की तुतीने दमा होतो. यजमान म्हणतात, तोडून टाकू आणि अशोक लावू. मुलगी आणि नात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येणार आहेत. बाई विचारतात: ही खरी झुकती तुती आहे का? मी फसले का? आणि आत्ताच तोडून नवीन आणली तर डिसेंबरपर्यंत तयार होईल का?

उत्तर:

ताई, उत्तर पुढे वाचण्याआधी चष्मा लावून झाडापाशी जाऊन या. खोडावरून तळहात खालून वर फिरवत न्या. छातीच्या किंवा खांद्याच्या उंचीवर कुठेतरी एक गाठ लागेल, बैलाच्या मानेवर जू घासून येतं तसं काहीतरी फुगीर आणि थोडं वाकडं. खालची साल आणि वरची साल तिथे वेगळी दिसते. कधी त्या जागी प्लॅस्टिकच्या पट्टीचा तुकडाही रुतलेला सापडतो. हा कलमाचा सांधा. त्या चार उभ्या काठ्या गाठीच्या खालून निघाल्या आहेत की वरून, एवढंच पाहून या. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यावर आहेत.

तुम्ही ज्याला एक झाड म्हणताय ती बहुधा दोन झाडं आहेत. झुकती तुती म्हणजे आपल्या पांढऱ्या तुतीचाच, मोरस अल्बाचा, एक विचित्र प्रकार. तिच्या फांद्यांना वर जाण्याची ओढच नसते. ‘टीसची झुकती तुती’ म्हणून जी जुन्या बागांमध्ये प्रसिद्ध आहे, ती १८८०च्या दशकात अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात टीस नावाच्या नर्सरीवाल्याला बियांपासून आलेल्या रोपांत अचानक सापडली. अशा झाडाचं बी लावलं तर तसंच रोप येईल याचा भरवसा नाही, आणि फांदी लावली तर ती वर चढत नाही. म्हणून साध्या तुतीचं सरळसोट खोड पाच-सहा फुटांपर्यंत वाढवायचं आणि त्याच्या डोक्यावर झुकत्या तुतीचं कलम बांधायचं, ही रीत पडली. खालचा तो खुंट, वरची ती कलमकाडी. छत्रीचा दांडा एकाचा आणि कापड दुसऱ्याचं.

आता खुंट म्हणजे काही मेलेली काठी नव्हे. ती साधी, दांडगी तुती आहे. मराठवाड्यात रेशीमवाले शेतकरी तुती वर्षातून चार-पाच वेळा कापून अळ्यांना घालतात आणि ती परत तितकीच उसळून येते. अशा झाडाच्या डोक्यावर एक सुस्त पाहुणा बसवलाय. संधी मिळाली की खुंट स्वतःची फूट काढतोच, आणि ती फूट सरळ आकाशाकडे जाते. तुमच्याकडे नेमकं हेच झालं असावं असा माझा कयास आहे. त्यात भर म्हणजे यजमानांनी पाहुण्याची पानं काढली आणि घरच्या पैलवानाची ठेवली. त्यांना रागवू नका. झुकलेलं ते आजारी आणि ताठ ते निरोगी, असं आपण सगळेच धरून चालतो. माझ्या सासूबाईंनी तर अशा झाडाला दिवसातून दोनदा पाणी घालून ‘उभं’ करायचा प्रयत्न केला होता. फांदी खरंच मरगळली असेल तर तिची पानं लुळी पडतात, कडा आत वळतात आणि शेंडा मऊ होतो. झुकत्या तुतीची फांदी खाली लोंबत असली तरी पान तुकतुकीत असतं आणि शेंडा बोटाने वाकवला तर चटकन परत येतो. उरलेल्या तीन फांद्यांवर हे आजच करून बघा.

गाठ पाहून आलात, तर तीन शक्यता संभवतात.

पहिली, चारही काठ्या गाठीखालून आल्या आहेत. मग तुमची तुती खरी आहे, नर्सरीवाला निर्दोष आहे आणि दिरांना तसं सांगायला हरकत नाही. दुसरी, काठ्या गाठीच्या वरून आल्या आहेत. इथे घाई करू नका. झुकत्या तुतीची नवी फूटही आधी वीतभर, हातभर वर जाते आणि मग कमान करून खाली वळते. झाडाची छत्री थरावर थर चढत रुंद होते ती या कमानींमुळेच. पण आठ फूट सरळ गेलेली काठी कमान करण्यातली नव्हे. गाठीच्या अगदी कडेला, बोटभर अंतरात, कधीकधी खुंटाचा डोळा (जिथून कोंब फुटतो ती जागा) लपलेला असतो आणि वरून आल्यासारखा भास होतो. उगमाशी माती-शेवाळं खरवडून नीट बघा. तिसरी, गाठच नाही. मग ती साधी तुती आहे. साध्या तुतीच्याही लांब कोवळ्या फांद्या पावसात पानांच्या वजनाने वाकतात, आणि तेवढ्यावर ‘वीपिंग’ची पाटी लागते. मुद्दाम फसवलं असेल असंही नाही. नर्सरीत माल आणणाऱ्यालाही बऱ्याचदा फरक माहीत नसतो.

दिरांचा पुरावा पानांचा आहे, तो मात्र कोर्टात टिकणार नाही. एकाच तुतीवर, एकाच फांदीवरसुद्धा, अखंड पान आणि कातरलेलं पान शेजारी शेजारी येतं. जोमाने वाढणाऱ्या कोवळ्या फुटीवर कातरलेली पानं जास्त. त्यामुळे पान वेगळं म्हणजे झाड वेगळं असं नाही. तुमच्या बाबतीत झाडं दोन असतीलही, पण ते पानावरून सिद्ध होत नाही.

मुळात ही तुतीच आहे का, हे ज्या वाचकांना पाहायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. देठ मोडला की पांढरा चीक येतो, कारण तुती ही वड, उंबर आणि फणसाच्या घराण्यातली. (तुतीचं एक फळ म्हणजे खरं तर बारीक बारीक फळांचा एकत्र घोस, म्हणजे फणसाची पिटुकली आवृत्तीच.) पण नुसत्या चिकावर जाऊ नका. कुंडीत मिळणाऱ्या झुकत्या फायकसलाही चीक असतो, मात्र त्याच्या पानाची कड गुळगुळीत असते. तुतीच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते आणि देठाशी तीन ठळक शिरा एकत्र निघतात. झुकता बॉटलब्रश पानं चुरगाळल्यावर वासाने ओळखता येतो. आणि आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला जो उंच अशोक लावतात, जो तुमच्या यजमानांनाही हवाय, त्याच्याही फांद्या खाली झुकलेल्याच असतात बरं का! पानांच्या कडा लाटेसारख्या, चीक अजिबात नाही. झुकलेलं झाड आजारी म्हणून काढायचं आणि त्या जागी झुकलेलंच झाड लावायचं, हे त्यांना हळूच दाखवून द्या.

झुकत्या तुतीची नुसती फांदी लावली तर काय होतं, हे मी स्वतः करून पाहिलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या झाडाची काडी मागून आणली, ठाण्याच्या आमच्या गच्चीत कुंडीत खोचली आणि छत्रीची वाट बघत बसले. काडी लागली, भराभर वाढली, पण सगळी आडवी. भोपळ्याच्या वेलासारखी कुंडीतून उतरून लादीवरून सरपटत टाकीपर्यंत गेली. मला वाटलं, ऊन कमी पडतंय. कुंडी फिरवली. ती दुसरीकडे सरपटली. कलमाचं कोडं मला तेव्हा उलगडलं. शेवटी कुंडी कठड्यावर चढवली तशी ती बाहेरच्या अंगाने सहा फूट खाली लोंबली आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना फेब्रुवारीत खिडकीतून हात काढून तुत्या मिळू लागल्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा उद्योग जरूर करावा. उंची हवी असेल तर एकच फांदी बांबूला बांधत बांधत वर न्यायची आणि हवी तिथे सोडून द्यायची. त्याला दोन-तीन वर्षं लागतात, पण मग कलमही नको आणि खुंटाची कटकटही नको.

आता तुमच्या झाडाकडे वळू. पहिली शक्यता गृहीत धरते, कारण वर्णन तिच्याशी जुळतं.

चारही उभ्या काठ्या काढा. अर्ध्या ठेवून अर्ध्या काढू, शेंडे खुडून बघू, असं करू नका. शेंडा खुडला की एका काठीच्या चार होतात. पावसाने दोन दिवस उघडीप दिली की धारदार करवतीने किंवा सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) खोडाला अगदी लागून कापायचं. बोटभर खुंटी शिल्लक ठेवली तर त्याच खुंटीतून पुन्हा झुबका फुटतो. पांढरा चीक ओघळेल, त्याला घाबरू नका. तो हाताला चिकटतो आणि काहींना खाजही येते, म्हणून हातमोजे घाला. जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. पुढचे दोन महिने दर रविवारी खोडावरून हात फिरवायचा आणि गाठीखाली जो हिरवा कोंब दिसेल तो अंगठ्याने पुसून टाकायचा. कोवळा असताना नखाने निघतो, महिन्याने करवत लागते. हे काम यजमानांकडे सोपवा. त्यांना छाटायची हौस आहेच, फक्त रेष आखून द्या: गाठीखालचं सगळं तुमचं, गाठीवरचं काही नाही. खोडाला गाठीपाशी लाल सुतळी बांधून ठेवली तर वादच नको.

उरलेल्या तीन फांद्यांपैकी एकीच्या टोकाकडून पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांच्या दोन-तीन काड्या घेऊन कुंडीत खोचून ठेवा. दोन डोळे मातीत, दोन वर. या दमट दिवसांत त्या सहज मुळं धरतात. उद्या मूळ झाडाला काही झालं तर तुमच्याकडे त्या झुकत्या तुतीचा वंश राहील, आणि जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या जाणकार माळ्याकडून त्याच खोडावर डोळा बसवून किंवा पाचर कलम करून घेता येईल. तुती कलमाला फार आढेवेढे घेत नाही.

पाण्याबद्दल. नेरूळच्या खाडीकडच्या बऱ्याच अंगणांखाली मुरूम आणि भराव असतो, पाणी एकतर झरकन निघून जातं नाहीतर तळाशी साचतं. तुती हलकी जमीन सोसते, तुंबलेलं पाणी नाही. या महिन्यात आळं मोडून खोडाभोवती मातीचा उतार करा आणि दिवाळीनंतर पुन्हा आळं करा. तेव्हा दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड पुरे. युरिया देऊ नका. तो आधी खुंटाच्याच वाट्याला जातो. खोडाला बांबूचा आधार आहे ना? या झाडाचं सगळं वजन डोक्यात असतं. तुमच्याकडच्या जून महिन्यातल्या वाऱ्यात गाठीपाशी मोडलेली झाडं मी पाहिली आहेत. सुतळी आठच्या आकड्यासारखी फिरवून सैल बांधा, म्हणजे सालीत रुतणार नाही.

फांद्या चिखलात लोळतात आणि खाली काय दडलंय ते दिसत नाही, ही यजमानांची तक्रार मात्र रास्त आहे. पावसाळ्यात खालची कड जमिनीपासून हातभर वर, सरळ रेषेत कापून घ्यावी. मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत, ठिपके आणि तांबेरा कमी होतो, उंदराला आडोसा मिळत नाही. पाऊस संपला की पुन्हा वाढू द्या. शेंड्याची पानं चुरडल्यासारखी, गोळा झालेली दिसली आणि आत पांढरा कापूस असला तर तो पिठ्या ढेकूण. रेशीमवाले या रोगाला ‘टुकरा’ म्हणतात. तेवढा शेंडा खुडून पिशवीत बांधून फेकायचा. घरच्या एका झाडाला फवारणीची गरज सहसा पडत नाही.

शेजारच्या वहिनींच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. परागकणांमुळे त्रास होतो तो नर फुलांच्या तुतीचा. पांढऱ्या तुतीचं नर फूल परागकण अक्षरशः गोफणीसारखे भिरकावतं. २००६ साली संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने मोजलं तेव्हा ही क्रिया सेकंदाच्या चाळीस हजाराव्या भागात पुरी होते, आणि परागकणांचा वेग ध्वनीच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त असतो, असं दिसलं. एवढंसं लोंबणारं हिरवट फूल आणि त्याच्यात हे! अमेरिकेत ॲरिझोनातल्या ट्यूसन भागात तर रस्तोरस्ती लावलेल्या नर तुतींमुळे लोक बेजार झाले आणि १९८०च्या दशकात तिथे त्यांच्या लागवडीवर बंदी आली. म्हणजे वहिनी हवेत बोलत नाहीत. पण बाजारात ‘पेंड्युला’ म्हणून जी झुकती तुती असते ती बहुधा मादी, फळं देणारी. ‘चॅपराल’ नावाचा बिनफळांचा प्रकार असतो, तो नर. तुमच्या झुकत्या फांद्यांना गेल्या उन्हाळ्यात एखादी तरी तुती लागली होती का, आठवून बघा. लागली असेल तर या बाजूने काळजी फारशी नाही. उलट खुंट बियांपासून वाढवलेला असेल तर तो नर निघू शकतो, त्या चार काठ्या काढायला हेही एक कारण. घरात कुणाला दमा असेल तर फुलांच्या दिवसांत, साधारण जानेवारी अखेरीपासून, लक्ष ठेवा. केसाळ लोंब्यांतून पिवळी भुकटी उडाली तर नर, त्याच लोंब्या फुगून हिरव्या तुत्या झाल्या तर मादी. त्याआधी कुणाच्या सांगण्यावरून झाड तोडू नका.

शोभेचं झाड म्हणजे त्याला फळं नसणार, अशीही अनेकांची समजूत असते, म्हणून हेही सांगते. या झाडाला फळं येतात आणि ती पिकून गळतात. त्यांचा जांभळा डाग लादीवर, धुतलेल्या चादरीवर आणि शेजाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर तितक्याच आपुलकीने बसतो. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या वाड्यात तुती होती. शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवरचा डाग आई कच्च्या तुतीने घासून काढायची, आणि बराचसा निघायचाही. झुकत्या झाडाचा फायदा इतकाच की फळं छत्रीच्या घेराबाहेर फारशी पडत नाहीत. तेवढ्या जागेत लादी नको, माती किंवा पालापाचोळा ठेवा. बुलबुल मात्र तुत्या खाऊन कुठे बसतील आणि काय रंगवतील ते तुमच्या हातात नाही. कुंपणापासून आणि सांडपाण्याच्या पाइपपासून शक्य तितकं अंतर असलेलं बरं.

‘तोडून टाकू’ हा शब्द सोपा आहे, पण शहरात आपल्या अंगणातलं झाडही मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा नागरी क्षेत्रांसाठीचा कायदा आहे आणि तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. महापालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारून घ्या. मला वाटतं, ती वेळ येणार नाही.

राहिला डिसेंबर. इथे मला तुमची थोडी निराशा करावी लागेल. नवीन झाड आणलं तरी ते डिसेंबरपर्यंत छत्री होणार नाही. तीन फांद्या चार महिन्यांत तीन-चार फूट वाढतील, त्यांना जाड तारेचं एक कडं आडवं बांधून बाहेरच्या बाजूला पसरवलंत तर छत्रीचा अंदाज येईल, इतकंच. नात आत बसेल असा घेर व्हायला अजून दोन पावसाळे द्या. आणि तो फोटो उन्हाळ्यातला आहे ना? तुमच्या मुलीकडे डिसेंबरात त्या झाडावर एक पान नसेल. तिथे ते चार-पाच महिने झोपतं आणि वर्षातून एकदा छाटलं की काम झालं. आपल्याकडे ते जवळजवळ झोपतच नाही. थंडीत जुनी पानं पिवळी पडून गळतात, पण वाढ पुरती थांबत नाही. म्हणून इथल्या झाडाची पानं मोठी, छत्री विस्कटलेली, आणि कात्री वर्षातून तीनदा. तिकडचा फोटो समोर धरून इकडचं झाड पाहिलंत तर ते कायम नापासच होईल. तुम्ही इतकी वर्षं मुलांचे पेपर तपासलेत, तुम्हाला हे मी काय सांगणार.

मोठी छाटणी डिसेंबरात चुकूनही करू नका, नाहीतर नात येईल तेव्हा नुसता दांडा उभा असेल. ते लोक परत गेले की जानेवारीच्या शेवटी करा. आतल्या सुकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. उरलेल्या निम्म्यावर आणा आणि प्रत्येक वेळी बाहेरच्या, वरच्या अंगाला असलेल्या डोळ्यावर कापा. त्यातून निघालेली फूट आधी बाहेर जाते आणि मग झुकते, घेर वाढतो. खालच्या अंगाच्या डोळ्यावर कापलंत तर फांदी खोडाला चिकटून लोंबते आणि छत्री मिटलेली राहते. अंगठ्यापेक्षा जाड फांदी शक्यतो कापू नका, तुतीच्या मोठ्या जखमा लवकर भरत नाहीत. या छाटणीनंतर येणाऱ्या नव्या फुटीवरच तुत्या धरतील.

पण नातीला हवीय ती आत शिरून बसायची जागा. तिला कलमाशी काय देणंघेणं? तुम्ही ज्या चार काठ्या कापणार आहात त्या आठ फुटांच्या आहेत आणि ओल्या आहेत. फेकू नका. पानं काढून अंगणाच्या कोपऱ्यात चार-पाच फूट घेरात हातभर खोल रोवा, शेंडे एकत्र आणून सुतळीने बांधा. आजूबाजूला दोन-चार बांबू लावा. बुडाशी गणपती झाल्या झाल्या वालाच्या आणि गोकर्णाच्या बिया टाका. या दिवसांत पेरलेले वेल डिसेंबरपर्यंत खोपट झाकून टाकतात, वालाला तोवर शेंगाही लागतील. एक सावधगिरी: तुतीच्या काठ्या रोवल्या की त्यांतल्या एकदोन जगतात. त्या लहान अंगणात चार तुत्या तुम्हाला नकोत, तेव्हा फेब्रुवारीत आठवणीने उपटा.

गाठ सापडलीच नाही, म्हणजे झाड साधी तुती निघाली, तर काठ्या कापू नका. साध्या तुतीची कोवळी फूट हिरवी असते तोवर हवी तशी वळते. बांबूच्या चौकटीला बांधून खाली ओढत नेली तर दोन हंगामांत तिचाच मांडव होतो, आणि फळं झुकतीपेक्षा जास्त मिळतात. नर्सरीवाल्याकडे जाऊन भांडायचं की नाही ते तुमच्या २८०० रुपयांनी ठरवावं.

ज्यांना हे झाड आता विकत घ्यायचं असेल त्यांनी नर्सरीत पाटी वाचू नये, खोडाची गाठ शोधावी. गाठ डोळ्यांच्या उंचीवर असलेलं झाड घ्यावं, कारण पुढे उंची जवळपास तेवढीच राहते, गुडघ्याएवढ्या उंचीवर कलम केलेलं झाड कायम गुडघ्याएवढंच झुडूप दिसतं. गाठ हलवून बघावी, हलली तर सोडून द्यावी. गाठीवर चारी दिशांना किमान चार फांद्या असाव्यात. आणि कुंडीच्या तळातून मुळांचा जुडगा बाहेर आलेला नसावा.

ताई, काठ्या कापण्याआधी शंका वाटली तर मला फोटो पाठवा. अख्ख्या झाडाचा नको, त्यावरून काही कळत नाही. सकाळच्या उन्हात, गाठीच्या अगदी जवळून, खुंट आणि फांदी दोन्ही दिसतील असा काढा. शेजारी एक रुपयाचं नाणं धरलंत तर आकाराचाही अंदाज येईल.